एकवीस फुटांचा घाट आणि बारा फुटांचं छप्पर

लोकांना बघायला ठेवायचं मॉडेल म्हणून भोर घाटाची रेल्वे १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी, हुबेहूब बांधायची म्हटली तर जागा किती लागेल? जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८६३ साली खुला केलेला मूळ चढ जवळजवळ सोळा मैलांचा, आणि तेवढ्यात गाडी १,८३१ फूट वर चढते. सत्त्याऐंशीने भागलं की लांबी २९० मीटरच्या पुढे जाते आणि उंची होते एकवीस फूट. आमच्याकडे होता डोंबिवली एमआयडीसीतला साठ फुटी गाळा, वर पत्रे, आणि पत्र्यापर्यंतची उंची बारा फूट. म्हणजे खंडाळा पत्रा फोडून बाहेर!

तरीही घाटच करायचा यावर कुणाचं दुमत नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे वेड कोथरूडच्या भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात लागलं. ते १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. पण तिथलं पाहून आल्यावर तसंच दुसरं करण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही सगळे कल्याण-कर्जत पट्ट्यातले. लहानपणापासून मामाकडे पुण्याला जाताना खिडकीला नाक लावून बोगदे मोजलेले. करायचं तर तेच.

मंडळी कोण, ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं यांच्यातलीच आहेत. एक निवृत्त लोको पायलट काका, ज्यांची बरीच नोकरी घाटात गेली. नाटकांचं नेपथ्य करणारी एक मुलगी. मालवणकडचे एक सुतारकाका, जे आधी फक्त टेबलं करून द्यायला आले होते आणि मग गेलेच नाहीत. मी वायरिंगवाला. बाकी येणारे-जाणारे.

काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा पहिला प्रश्न. लोको पायलट काकांनी तो एका वाक्यात सोडवला: "दिसतं काय ते नंतर बघा, आधी गाडी करते काय ते ठरवा." कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, ती ढकलत वर नेतात. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच सायडिंग असतात. त्यांचा सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा जोड, एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे असं दिसल्यावरच तो मेन लाइनला फिरतो. ब्रेक गेलेली गाडी आपसूक चढाच्या सायडिंगवर जाऊन थांबावी, ही त्यामागची योजना. हे तीन-चार प्रसंग नीट घडले की घाट झाला, मग मधले दहा पूल गाळले तरी चालतील. त्यांच्या मते डोंगर हा नुसता पडदा. हे ऐकून नेपथ्यवाली पोर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

उंचीची अडचण हेलिक्सने सुटली. रूळ एकाच वर्तुळात फिरत फिरत वर चढतो. प्रत्येक फेऱ्याला निदान दहा सेंटिमीटर तरी चढायला हवं, नाहीतर खालच्या गाडीचं टप वरच्या फळीला घासतं. आता गंमत बघा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर येतो साधारण ३८३ सेंटिमीटर. त्यावर दहा सेंटिमीटर चढ म्हणजे जवळजवळ अडतिसास एक. खऱ्या भोर घाटाचा सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक! मी खूश झालो, काका हसले. वळणावर रुळाचं घर्षण वाढतं, म्हणून तोच चढ सरळ रुळापेक्षा गोलात जास्त भारी पडतो. खऱ्या रेल्वेतही वळणावर चढ थोडा सौम्य करतात. शेवटी त्रिज्या पंचाहत्तर सेंटिमीटर केली, चढ सत्तेचाळिसास एकवर आला, आणि सहा-सात डबे मागे असताना इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरणं थांबलं.

हेलिक्स लपवायचा कुठे, ते घाटानेच सांगितलं. मूळ मार्गावर पंचवीस बोगदे होते. बोगद्यात शिरलेली गाडी मिनिटभर गायब होते आणि वरच्या मजल्यावरच्या तोंडातून बाहेर पडते. लहान मुलं पहिल्या वेळी खालच्याच बोगद्यापाशी डोळे लावून उभी राहतात, आणि गाडी वर दिसली की कुणीतरी ओरडतंच. या ओरडण्यासाठी एवढा खटाटोप करावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

डब्यांचं वजन हे स्वतंत्र पुराण. बाजारातले डबे फार हलके. समोरून इंजिन ओढतंय, मागून बँकर ढकलतोय, तर वळणावर मधला हलका डबा रुळाबाहेर उचलला जातो. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेने वजनाचा एक हिशेब घालून दिलाय: आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्याची लांबी या प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणजे वजन हवं १६५ ग्रॅमच्या आसपास. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची चिकटपट्टीची वजनं आणून डब्यांच्या पोटात लावली. तो अजून विचारतो, नेमकी कुठली गाडी आहे तुमची?

बँकर जुळवणं याहून किचकट. प्रत्येक इंजिनात एक डिकोडर असतो, त्याला स्वतःचा नंबर असतो, आणि रुळातूनच वीज व हुकूम दोन्ही जातात. पण वेगाच्या एकाच पायरीवर दोन इंजिनं एकाच वेगाने धावतीलच असं नाही, एकाच कंपनीची असली तरी. म्हणून दोन्ही इंजिनं एका गोल रुळावर हातभर अंतर ठेवून सोडायची आणि ते अंतर कमी-जास्त होतं का बघत बसायचं. झालं की डिकोडरमधला वेगाचा आकडा एका अंकाने बदलायचा, पुन्हा सोडायचं. पाहुणे आले की त्यांना वाटतं आम्ही खेळतोय.

पहिली डेक्कन क्वीन आम्ही सात डब्यांची केली. सगळे म्हणाले, हे काय, एवढीशी? पण १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा सातच डब्यांची होती. पुढे बारा झाले, मग सतरा. आमचा कर्जतचा फलाट तेव्हा दोन मीटरचाच होता, तेव्हा इतिहास अगदी वेळेवर मदतीला आला. सतरा डबे लावायचे तर गाडीच सव्वाचार मीटर होते, आणि मग फलाट, लूप, यार्ड, सगळंच त्या मापाने लांबवावं लागतं. प्रदर्शन वाढवायचं कारण आमच्याकडे खरं तर एवढंच होतं: लोकांना सतरा डब्यांची राणी बघायची होती.

बाजूचा गाळा रिकामा झाला. मालकाने भिंतीला भोक पाडायची परवानगी दिली, तेही गाळा सोडताना बुजवून देण्याच्या बोलीवर. आम्हाला वाटलं, पलीकडे नवीन टेबलं मांडायची, रूळ भोकातून न्यायचे, झालं. सुतारकाकांनी पाण्याची लेव्हल लावली तर पलीकडची जमीन इंचभर खाली. मग प्रत्येक टेबलाच्या पायाला बोल्ट बसवले, फिरवून उंची जुळवता येईल असे. दोन टेबलांच्या सांध्यावर रूळ नुसते समोरासमोर ठेवून भागत नाही. केसभर फरक पडला तरी गाडी तिथे रोज घसरते. सांध्याच्या दोन्ही कडांना तांब्याचा मुलामा असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्ट्या स्क्रूने घट्ट करायच्या, त्यावर अखंड रूळ डाग द्यायचा, आणि मग दोन टेबलांच्या बरोबर मधून बारीक करवतीने तो कापायचा. आधी जोडायचं, मग तोडायचं. तरच दोन्ही टोकं एका रेषेत राहतात.

खरी कटकट मात्र जुन्या भागातच निघाली. नवीन गाळ्यातल्या गाड्यांना वीज हवी म्हणून बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा) वाढवला, तर जुनं वायरिंग उघडावं लागलं. आधी सगळं एकाच सर्किटवर होतं. कर्जतला एक डबा घसरला की दोन रूळ एकमेकांना चिकटून शॉर्ट, आणि खंडाळ्याची गाडीसुद्धा जागच्या जागी उभी. एका गाळ्यात हे चालून जायचं. दोन गाळ्यांत, समोर शाळेची सहल उभी असताना, नाही चालत. म्हणून सगळ्या मार्गाचे तुकडे केले, प्रत्येकाला वेगळा सर्किट ब्रेकर. प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या टोकाला रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवून बघायचं: ब्रेकर ताबडतोब पडला तर तार पुरेशी जाड, नाही पडला तर वीज वाटेतच मरतेय आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथे प्लॅस्टिक वितळणार. घाटाच्या मधल्या दोन तुकड्यांत नाणं गरम व्हायला लागलं, ब्रेकर ढिम्म. तिथे टेबलाखाली जाड तार नव्याने ओढली आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र जोड दिला.

ती ओढताना कळलं की टेबलं खोल आहेत. नेपथ्यवाल्या मुलीने डोंगर छान दिसावा म्हणून मागे मागे नेला होता, कड्यामागे कडा, त्यामागे धुकं रंगवलेली भिंत. दिसायला अप्रतिम. पण मागच्या बोगद्यात डबा अडकला की कुणीतरी टेबलावर पोटावर झोपून हात घालायचा, आणि त्याच्या कोपराखाली दरवेळी दोन झाडं मोडायची. सुतारकाका प्रत्येक नव्या नकाशावर एकच प्रश्न विचारू लागले, "थंय हात पोचतलो काय?" सुरुवातीला आम्ही हसायचो. मग त्यांनी गाळ्याच्या दारावर खडूने एक रेघ मारून ठेवली, कडेपासून पंचाहत्तर सेंटिमीटर. त्यापलीकडे रूळ जाणार असेल तर डोंगराला खालून माणूस शिरेल एवढं भगदाड हवं, नाहीतर फळी कापणार नाही. लोको पायलट काकांची शिस्त, मुलीचं सौंदर्य, माझे ब्रेकर, सगळं शेवटी त्या रेघेपुढे नमलं.

आमचा एक मित्र कामानिमित्त हॅम्बुर्गला असतो. तिथलं मिनिएचर वंडरलँड, छोट्या रेल्वेचं भलंमोठं प्रदर्शन, ऑगस्ट २००१ मध्ये उघडलं, जुन्या गोदामांच्या वस्तीत, आणि तेव्हापासून ते वाढतच आहे. विमानं उडतात असं वाटायला लावणारा विमानतळ २०११ मध्ये झाला. नंतर कालव्यावर पूल टाकून त्यांनी दक्षिण अमेरिकेचा देखावा पलीकडच्या गोदामात उभा केला. त्याला आम्ही बजावलं होतं, गाड्यांचे व्हिडिओ नकोत, ते यूट्यूबवर ढिगाने आहेत. माणसं आत कुठून शिरतात ते बघ. त्याने सांगितलं, डोंगराच्या मधोमध अचानक झाकण उघडतं आणि त्यातून कर्मचाऱ्याचं डोकं वर येतं. हे ऐकून सुतारकाकांना जो आनंद झाला, तो त्यांना त्यांच्या मुलाच्या लग्नातही झाला नसेल.

आता डोंगराबद्दल. परदेशी खडकाचे तयार साचे मिळतात, पण ते आल्प्सचे. त्यातून काढलेला दगड कितीही चांगला रंगवला तरी सह्याद्री वाटत नाही. आपला कातळ लाव्ह्याच्या थरांचा, आडव्या पट्ट्यांचा. कडा, मग गवताची उतरंड, पुन्हा कडा. मुलीने प्लॅस्टर ओलं असतानाच जुन्या सुरीने आडव्या रेघा ओढल्या आणि मग उभ्या भेगा पाडल्या. खाली तारेची जाळी, गोणपाट, त्यावर प्लॅस्टर. दिवाळीच्या किल्ल्यांचा हात असलेल्या कुणालाही हे जमतं. अळीव पेरायची सूचना आलीच, पण पाणी आणि वीज एकत्र नको म्हणून मी ती हाणून पाडली.

गवतासाठी जो जुगाड केला तो सांगण्यासारखा आहे. मच्छर मारायची रॅकेट घ्यायची, तिच्या एका तारेला लोखंडी चहाची गाळणी जोडायची, दुसरी तार डोंगरावरच्या ओल्या फेव्हिकॉलमध्ये खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत नायलॉनचे बारीक हिरवे तंतू. बटण दाबून गाळणी हलवली की प्रत्येक तंतू खाली पडताना उभा राहतो. सगळा उतार डोळ्यांदेखत शहारल्यासारखा होतो. गाळणीला हात लावू नये, एवढं लक्षात ठेवा. माती मात्र खरीच वापरली, खंडाळ्याच्याच वाटेवरची. ती चाळून, भाजून, मग तिच्यातून लोहचुंबक फिरवायचा, कारण आपल्या मातीत लोहाचे कण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. पहिल्या फेरीत चुंबकाला काळी दाढी उगवली.

माणसं बनवणं हाही एक उद्योग. या प्रमाणातला माणूस एकोणीस मिलिमीटर उंच. परदेशी पाकिटातल्या बायका स्कर्ट-कोटात येतात. मुलीच्या आईने एम-सीलचा कण टाचणीने लाटून एकीला पदर काढला, मग निऱ्या. आता कर्जतच्या फलाटावर नऊवारीही आहे. वडापाववाल्याची टोपली मसुरीच्या डाळीपेक्षा लहान आहे आणि जवळजवळ प्रत्येक पाहुणा तिचाच फोटो काढतो. सिग्नल मी किती खपून बसवलेत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

जागा संपत आली तेव्हा मुलीनेच आणखी एक वाट काढली: लांबी वाढवता येत नसेल तर काळ वाढवू. १९२९ पर्यंत खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. डोंगराच्या धारेवर गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. विजेची गाडी येण्याच्या सुमारास नवे बोगदे खोदून तो मार्ग बदलला. मॉडेलमध्ये हा नागमोडी मार्ग फार सोयीचा. उंची मिळते, जागा लागत नाही, आणि गोल फिरून परत येणाऱ्या लूपमध्ये रुळांची ध्रुवता उलटते ती भानगडही इथे येत नाही. तिथे आम्ही वरच्या तारा लावल्या नाहीत, वाफेची इंजिनं ठेवली. त्याच्या खालच्या कोपऱ्यात १८५९ ची छावणी. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन काही आठवड्यांतच आजारपणात गेला आणि त्याची बायको अ‍ॅलिसने ते काम पुढे चालवलं. तंबूसमोर एकोणीस मिलिमीटरची एक बाई हातात कागद घेऊन उभी आहे. इथे परदेशी पाकिटातला झगा उपयोगी पडला.

लोकांसाठी खुलं करणं म्हणजे वेगळाच धंदा. घरचं मॉडेल तासभर चालतं आणि कौतुक होतं. प्रदर्शनातलं सकाळी दहा ते संध्याकाळी सात चाललं नाही तर लोक तोंडावर बोलतात. दर सकाळी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, रात्री चाकं. मे महिन्यात पत्रा तापला की रूळ वाढतात. मधे फटी नसतील तर वाकून बाहेर येतात, म्हणून डिसेंबरात रूळ टाकताना फट मोठी आणि मे महिन्यात टाकताना बारीक. पावसात मात्र लाकूड फुगतं आणि सगळे हिशेब बदलतात. मरीन प्लाय असली तरी खालून, कडेने, प्रत्येक भोकाच्या आतूनही रंग द्यावा लागतो. आणि उंदीर. वायरची चव त्यांना का आवडते देव जाणे. पिंजरा कर्जत स्टेशनच्या बरोबर खाली असतो.

मुलांचे हात हा अपेक्षित त्रास होता, म्हणून कडेला अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावली. पण मोठ्यांचे हात जास्त येतात. आजोबा लोक घसरलेला डबा स्वतः रुळावर ठेवायला बघतात, आणि बहुतेक वेळा ते रेल्वेतूनच निवृत्त झालेले असतात, त्यामुळे बोलायची सोय नाही. त्यातल्या दोघांना आम्ही शेवटी केबिनमध्येच बसवलं. आता शनिवारची ड्यूटी त्यांचीच.

सध्या काम चालू आहे ते नेरळ-माथेरानचं. १९०७ ची ती गाडी दोन फुटी मार्गाची. आमच्या प्रमाणात सात मिलिमीटर रूळ हवेत, तयार मिळतात ते नऊ मिलिमीटरचे, आणि तेवढा फरक आम्ही नजरेआड करतो. आमची ब्रॉडगेजसुद्धा साडेसोळा मिलिमीटरवरच धावते, जिथे एकोणीसच्या वर हवी. चढ मात्र नजरेआड करता येत नाही: विसास एक! छोटं इंजिन तीन डबे नेतं, चौथ्याला पाय सोडतं. काकांचं म्हणणं, इंजिनाच्या पोटात अजून शिसं भरा. माझं म्हणणं, डबे कमी करा, खऱ्या गाडीलाही कुठे लांबलचक शेपूट असतं? मुलीला तिथे फुललेली कारवी हवी आहे आणि त्यासाठी डोंगर आणखी हातभर मागे न्यायचाय. सुतारकाकांनी खडू खिशात ठेवलेलाच आहे.

तडजोड अशी ठरली आहे की कारवी होईल, पण डोंगर खालून कापून. पुढच्या रविवारी ते काम आहे. करवत धरता येत असेल तर सकाळी नऊला या, मिसळ आमच्याकडून. जाड माणसांनी भगदाडाचं माप आधी विचारून घ्यावं.